अर्ज मराठीत, उत्तर कोणत्या भाषेत?

गोंदियापासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवर बालाघाट आहे. भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे मुलूख जोडून 1867 साली हा जिल्हा बनविण्यात आला. त्यामुळे हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी येथे एकाच बाजारात कानी पडतात. बाजारात त्याची अडचण होत नाही. ती होते कचेरीत. गाऱ्हाणे घरच्या बोलीत सुचते, अर्जनवीस ते सरकारी भाषेत उतरवितो, आणि त्या उतरविण्यात मूळ दुखणे पुष्कळदा निसटते.

1956 पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. त्या जुन्या मध्यप्रदेशात 1950 च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले होते. पुढे राज्य पुनर्रचना आयोग आला. 1953 च्या डिसेंबरात नेमलेल्या या आयोगाकडे लोकांनी दीड लाखाहून अधिक कागद धाडले. परंतु त्यांत तारा, ठराव आणि छापील मजकूर यांचाच भरणा फार. विचारपूर्वक लिहिलेली निवेदने सुमारे 2,000 पलीकडे नाहीत, असे आयोगाला अहवालात नमूद करावे लागले. टपालखात्याचे उत्पन्न तेवढे वाढले म्हणावयाचे! काय घडले, केव्हा घडले, कोणता हुकूम जाचतो आणि नेमकी कोणती दाद हवी, एवढे ज्यात आहे तो एक कागद सह्यांच्या भेंडोळ्याहून भारी असतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट नव्या मध्यप्रदेशातच राहिला. राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. मग तेथील मराठी माणसाने दाद मागावी ती कशी?

त्याचे उत्तर राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदात आहे. संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाण्याचे निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. म्हणजे बालाघाटच्या कचेरीत मराठी अर्ज, केवळ तो मराठीत आहे म्हणून, परत करता येत नाही. 1956 च्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारीही आला. हे संरक्षण कितपत पाळले जाते, याचा अहवाल तो राष्ट्रपतींना देतो व तो अहवाल संसदेपुढे ठेवला जातो.

तथापि हा अनुच्छेद अर्ज देण्यापुरताच बोलतो. उत्तर किती दिवसांत द्यावे व कोणत्या भाषेत द्यावे, याविषयी त्यात अक्षर नाही. पुढे मान्य झालेल्या संरक्षणांत अल्पसंख्य भाषेतील निवेदन स्वीकारणे आणि त्याला उत्तर देणे या दोन्ही गोष्टी आल्या खऱ्या. पण त्यांना घटनेचे बळ नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात याच्या नेमके उलट आहे. तेथे तीस दिवसांची मुदत ठरलेली आहे. लिहिता न येणाऱ्याची तोंडी विनंती लेखी करण्यास साह्य देण्याचे कर्तव्यही माहिती अधिकाऱ्यावर आहे. मात्र अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेतच हवा, आणि बालाघाटची राजभाषा हिंदी. एका कायद्यात भाषा आहे, मुदत नाही. दुसऱ्यात मुदत आहे, भाषा नाही. म्हणून तेथील जाणता अर्जदार गाऱ्हाणे मराठीत लिहितो, पोच घेतो आणि त्या अर्जाचे पुढे काय झाले, हे महिन्याभराने हिंदीत विचारतो.