धुरांचा उपसागर : लॉस एंजेलिस आणि वणवा

इ. स. १५४२ च्या ऑक्टोबर महिन्यात हुआन रोद्रिगेस काब्रियो याची जहाजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जात असता एका उपसागरापाशी आली. किनाऱ्यामागील भूमीवर धूर दिसत होता. म्हणून त्या स्थळास ‘धुरांचा उपसागर’ असे नाव पडले. तो आजचा सान पेद्रोचा उपसागर, असे बहुधा मानले जाते. म्हणजे लॉस एंजेलिस वसण्यापूर्वी २३९ वर्षे त्या भूमीचे पहिले युरोपीय नाव अग्नीवरून पडले होते.

तो धूर चुलींचा की जाळलेल्या रानाचा, हा वाद येथे गौण आहे. तेथील मूळचे तोंग्वा लोक बियाणे व शिकार विपुल मिळावी म्हणून तृणभूमी हेतुपुरस्सर जाळीत असत. १७८१ मध्ये ४४ वसाहतकऱ्यांनी नगर वसविले. त्यांच्या गुरांना तेच गवत हवे होते. १७९३ मध्ये प्रभारी गव्हर्नर होसे होआकिन दे अरियागा याने कुरणे जाळण्यास मनाई करणारा हुकूम काढला. एका समाजाचे कृषिसाधन दुसऱ्याच्या कायद्यात अपराध ठरले.

तथापि, या मनाईमुळे रान माजले व म्हणून आजचे वणवे, अशी सरळ रेषा ओढणे सयुक्तिक नव्हे. मराठीतील ‘वणवा’ या शब्दाने उंच वृक्षांचे अरण्य डोळ्यांपुढे येते. येथील डोंगरउतारांवर मात्र ‘चॅपरल’ नावाचे दाट, चिवट झुडपी रान आहे. पावसाविना गेलेल्या उन्हाळ्याने ते कोरडे पडते आणि शरद ते शिशिर या काळात अंतर्भागातील उंच वाळवंटी प्रदेशातून ‘सांता आना’ वारा खिंडींवाटे खाली उतरतो. उतरताना तो अधिकच तापतो व शुष्क होतो. असा वारा सुटला की नव्याने वाढलेले रानही आग थोपवू शकत नाही. वारा जुनाच आहे; त्याच्या वाटेवरील घरे तेवढी नवी. १९०० मध्ये सुमारे एक लाख असलेली शहराची लोकसंख्या १९३० मध्ये बारा लाखांवर गेली, आणि वस्ती डोंगरांत शिरली.

६ नोव्हेंबर १९६१ रोजी बेल एअर या धनिकांच्या वस्तीत ४८४ घरे भस्मसात झाली. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. माजी उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन आपल्या भाड्याच्या घराच्या छपरावर चढून नळीने पाणी मारीत होते, ते छायाचित्र प्रसिद्धच आहे. वस्तुतः मुख्य दोष छपरांचाच होता. लाकडी पट्ट्यांची ती छपरे पेटत, जळत्या पट्ट्या वाऱ्याने उडत आणि दूरच्या घरांवर पडत. अग्निशामक दलाने या आगीवर काढलेल्या बोधपटाचे नाव ‘डिझाइन फॉर डिझास्टर’ असे आहे. आपत्तीची आखणी आधीच झालेली होती, असा त्याचा रोख. इतके स्पष्ट निदान होऊनही अशा छपरांवर शहरात संपूर्ण बंदी येण्यास १९८९ साल उजाडावे लागले. छपरे बदलली, वस्ती मागे हटली नाही.

७ जानेवारी २०२५ रोजी पॅसिफिक पॅलिसेड्स व आल्टाडेना येथे पेटलेल्या दोन वणव्यांत सोळा हजारांहून अधिक वास्तू नष्ट झाल्या. १२ जानेवारीस, आगी धुमसत असतानाच, राज्याच्या गव्हर्नरांनी जळालेल्या जागी पुन्हा घरे बांधणे सुलभ व्हावे म्हणून किनारा व पर्यावरणविषयक परवान्यांच्या अटी स्थगित केल्या.