ताजातवाना : एका शब्दाची वाटचाल



इंग्रजीच्या धड्यात 'अलाइव्ह अँड किकिंग' हा वाक्प्रचार येतो. 'जिवंत आणि लाथा झाडणारा' असे त्याचे शब्दशः भाषांतर केले तर गुण मिळणार नाहीत. जो संपला असे लोकांनी धरले होते तो चांगला धडधाकट आहे, हा त्याचा अर्थ. दुखण्यातून उठलेल्या माणसाविषयी, तसेच बुडाली अशी समजूत झालेल्या संस्थेविषयी तो वापरतात. बोलण्यात तो शोभतो, अर्जात शोभत नाही.

तापातून उठलेला नातू पाहून आपल्याकडे आजी काय म्हणते? "आता कसा ताजातवाना दिसतो!" हे दोन्ही शब्द मूळ फारसी. 'ताजा' म्हणजे टवटवीत, 'तवाना' म्हणजे ताकदवान. 'उमेद' आणि 'जोश' हेही फारसीच. 'हौस' मात्र अरबी 'हवस'पासून आली. उर्दूत 'हवस' म्हणजे हाव. मराठीत 'हौस' म्हणजे निर्मळ आवड. शब्द नव्या घरी आला की त्याचा स्वभावही बदलतो.

हे शब्द इथे रुजले कसे? धुळे जिल्ह्यात तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. १३८२ ते १६०१ पर्यंत खानदेशावर त्यांची सत्ता होती. नंतर मोगल आले. दख्खनभर कारभारात फारसी चाले. कचेरीतले शब्द बाजारात गेले, बाजारातले माजघरात. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. तरी 'उमेद' आणि 'हौस' लोकांच्या तोंडी राहिल्याच. ज्यांचे १९२६ साली धुळ्यात निधन झाले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांवरून मराठीवरील फारसीचा प्रभाव अभ्यासला. माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश १९२५ साली निघाला.

पालकहो, घरी उर्दू, गल्लीत अहिराणी, कचेरीत मराठी आणि परीक्षेत इंग्रजी, हे मुलांवर ओझे आहे असे आपण म्हणतो. मग एखादी भाषा सोडून द्यावी असेही वाटते. पण घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठीतले कितीतरी शब्द आधीच ठाऊक असतात. ते त्याला कोणी दाखवून दिलेले नसते, एवढेच.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री आजीच्या बोलण्यातले दहा शब्द वहीत टिपा आणि उद्या ते मराठी कोशात शोधा. जे सापडतील, त्यांचे दोन्हीकडचे अर्थ शेजारी-शेजारी लिहा. शब्द वापरात असतो तोवरच ताजातवाना राहतो, आणि भाषेचेही तसेच आहे.