कल्याणमित्र कुठे गेला?

परीक्षा जवळ आल्या की बऱ्याच कॉलेजांच्या नोटीसबोर्डावर एक पोस्टर हमखास दिसतं : माइंडफुलनेस वर्कशॉप, दुपारी तीन वाजता, सेमिनार हॉल. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं, सर्टिफिकेट घेऊन घरी जायचं. शब्द इंग्रजी, त्यामुळे ही गोष्ट अमेरिकेतून आली असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. ती निघाली आपल्याच बाजूने, आणि जाता-येता वाटेत तिच्यातलं काहीतरी सांडलं.

मूळ शब्द पाली : सति. संस्कृतात स्मृती. पण इथे स्मृती म्हणजे पाठांतर नव्हे. आत्ता, या क्षणी जे चाललंय त्याचं भान न सुटणं म्हणजे सति. सिलोनमध्ये ब्रिटिश सरकारची नोकरी केलेल्या टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली बौद्ध सुत्तांचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि त्यात या शब्दासाठी ‘माइंडफुलनेस’ वापरला. आज अ‍ॅपवर दिसणारा शब्द तो हाच.

त्यानंतर जेमतेम वीस वर्षांनी एक मराठी तरुण याच सतिच्या शोधात सिलोनला पोहोचला. धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. शाळा धड झाली नाही, शेतीभातीत मन रमेना, आणि मनाची घालमेल थांबेना. १८९९ साली बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात दाखल झाले. पुढे ब्रह्मदेशात राहून त्यांनी ध्यानही केलं. १९१२ पासून सहा वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. म्हणजे ‘कॅम्पसवर सति’ ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षं जुनी आहे. फक्त ती वर्कशॉप म्हणून नव्हे, तर एका भाषेचा अभ्यास म्हणून आली.

कोसंबींनी आयुष्याचा मोठा भाग ज्या ग्रंथासाठी दिला तो म्हणजे बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’. ध्यानाचं हे जणू हँडबुक. पाचव्या शतकातलं. त्यात ध्यान शिकू पाहणाऱ्याला सांगितलेल्या सुरुवातीच्याच गोष्टींपैकी एक अशी की, कल्याणमित्र शोध. कल्याणमित्र म्हणजे तुझा स्वभाव ओळखून तुला झेपेल असा ध्यानविषय देणारा माणूस. कारण एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हे त्या काळीही ठाऊक होतं. सति ही कधीच एकट्याने, कुणाच्या देखरेखीशिवाय करायची गोष्ट नव्हती.

जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी एक वाट तयार होत होती. क्लिफर्ड बीअर्स हा येलचा पदवीधर गंभीर मानसिक आजारातून गेला आणि मनोरुग्णालयांत त्याने मारहाण सोसली. १९०८ साली त्याने ते सगळं पुस्तकात लिहून काढलं, आणि त्यातून मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. १९१० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली. अशा सेवांमधली ती पहिली मानली जाते. कारण अगदी व्यवहारी होतं : अभ्यासात कुठेही कमी नसलेली मुलं भावनिक अडचणींमुळे पदवीआधीच कॉलेज सोडून जात होती. तिथे ध्यान नव्हतं. ऐकणारा माणूस होता.

या दोन वाटा जवळ यायला आणखी बराच काळ लागला. ब्रह्मदेशात वाढलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये विपश्यना घेऊन भारतात आले, आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या पेशंटांसाठी कोर्स बांधला. धर्म बाजूला ठेवला, श्वास आणि शरीराकडे लक्ष ठेवलं. तरीही तिथे दर आठवड्याला वर्ग भरायचा, समोर शिक्षक असायचा, शेजारी आपल्यासारखेच त्रासलेले लोक असायचे. कल्याणमित्राचं नाव गेलं होतं, जागा शिल्लक होती. इअरफोन आले तेव्हा ती जागाही गेली.

याने फरक पडतो का? केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा कोर्स केलेल्यांना परीक्षेच्या काळात ताण कमी जाणवला. पण एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : कोर्स केलेले असोत वा नसोत, विद्यापीठाची समुपदेशन सेवा दोन्ही गटांना खुली होती. कोर्स त्या सेवेच्या जोडीला होता, तिच्या बदली नव्हता. उलट ब्रिटनमधल्याच शाळांत, आठ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. वर्गातल्या सगळ्यांना सरसकट माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. एकच औषध सगळ्यांना नाही, हे बुद्धघोषाचं म्हणणं पुन्हा एकदा समोर आलं.

आपल्याकडे हा प्रश्न जिवावरचा आहे. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या : शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. प्रिन्स्टननंतर ११५ वर्षांनी.

म्हणून पुढच्या वेळी ते पोस्टर दिसलं तर वर्कशॉपला जरूर जा. श्वासाकडे लक्ष देणं चांगलंच आहे. पण बाहेर पडताना आयोजकांना एक साधा प्रश्न विचारा : उद्या कुणाला बोलावंसं वाटलं तर कॉलेजात कोणत्या खोलीत, किती वाजता, कोण बसलेलं असतं? उत्तर मिळालं तर ते वर्गाच्या ग्रुपवर टाका. नाही मिळालं तर सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या. तोवर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, चोवीस तास. आणि शेजारच्या बाकावरचा कुणी हल्ली फार गप्प असेल, तर त्याला अ‍ॅपची लिंक पाठवण्याआधी चहाला बोलवा.