विद्यापीठ, गिरणी आणि तिसरी खुर्ची

विद्यापीठे आणि उद्योग यांनी एकत्र यावे, त्यांच्या सहकार्यातून मागासलेल्या प्रदेशात नवे संशोधन रुजावे आणि प्रदेशाचा विकास व्हावा, हा विचार आज मोठ्या उत्साहाने मांडला जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने त्यासाठी 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळा'ची तरतूद केली. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी वर्ध्याहून झाली. भातकुली हा माझा तालुका. अमरावतीला लागून असलेल्या या तालुक्यातील शिकलेल्या तरुणांनी या साऱ्याकडे आशेने पाहावे, हे स्वाभाविकच आहे.

अशा सहकार्याला माझा विरोध नाही. परंतु ते नवे आहे असे जे भासविले जाते, ते खरे नव्हे. वऱ्हाडात विज्ञान आणि भांडवल गेली दीडशेहून अधिक वर्षे एकत्र बसत आले आहेत. प्रश्न एवढाच आहे की, त्या बैठकीत खुर्च्या किती होत्या आणि त्यांवर कोण बसले होते?

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाला वऱ्हाडची काळी जमीन आठवली. आगगाडी आली, जिना-प्रेस आले, मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. याच काळात गिरणीच्या कापडाने गावच्या मागावर घाला घातला. जाडेभरडे कापड विणणे हा विदर्भातील महारांचा एक मोठा व्यवसाय होता. तो बुडाला आणि विणणारा माणूस दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचू लागला. इतिहासाच्या पुस्तकांत या काळाला भरभराटीचा काळ म्हणतात. भरभराट कोणाची, हे मात्र ती पुस्तके सांगत नाहीत.

पुढे सहकार्याला कायद्याचे रूप आले. १९१७ साली नेमलेल्या कापूस समितीच्या शिफारशीवरून १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या दर गासडीमागे उपकर बसला. आरंभी चार आणे, नंतर दोन आणे. या पैशांतून १९२४ साली मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा निघाली आणि प्रांतोप्रांतीच्या वाणसंशोधनाला मदत मिळू लागली. नवे वाण आले की त्याचे सूत माटुंग्याला कातून पाहावयाचे आणि गिरणीला ते मानवते की नाही हे ठरवावयाचे, अशी ही व्यवस्था होती. समितीवर गिरणीमालक होते, व्यापारी होते, शेतीखात्याचे अधिकारी होते, शेतकऱ्यांचे म्हणून काही प्रतिनिधीही होते. उपकर भरीत गिरणीवाले आणि निर्यातदार. पण असा खर्च भावातून खाली उतरत उतरत शेवटी कोणाच्या मजुरीवर येऊन थांबतो, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तंतूची लांबी, बारीकी, ताकद सारे मोजले गेले. तो तंतू बोंडातून काढणाऱ्या बाईची मजुरी मोजणारे यंत्र मात्र माटुंग्याला नव्हते.

त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. धोट्यात सूत ओढताना ते तोंडाला लागे, म्हणून सवर्ण विणकरांना आमच्या माणसाचा शेजार विटाळाचा वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. ज्याच्या हाताने वेचलेला कापूस चालतो, त्याच्या हाताने विणलेले कापड चालत नाही! यंत्र आले म्हणजे जात आपोआप जाते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

नागपूर विद्यापीठाचे उदाहरणही बोलके आहे. कामठीचे मँगनीज खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी या विद्यापीठाला दिली. तीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. दात्याचे नाव संस्थेला मिळाले, ते योग्यच झाले. पण खाणीत घमेले उचलणाऱ्यांच्या मुलांसाठी त्या दाराची उंची किती होती, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

तो प्रश्न बाबासाहेबांनी त्याच वर्षी विचारला. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी व्हॉइसरॉयकडे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मजूरमंत्री या नात्याने त्यांनी त्रिपक्षीय श्रम परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. सरकार, मालक आणि कामगार एका मेजाभोवती, हे या परिषदेचे तत्त्व होते. माझ्या मते, विद्यापीठ-उद्योग सहकार्याची खरी कसोटी याच तत्त्वात आहे.

१९६९ साली अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ झाले. १९७६ साली अकोल्यातच महाबीज आले. विद्यापीठाने पीकेव्ही हायब्रीड-२ हे संकरित वाण दिले. संकरित कापसाचे बियाणे कसे तयार होते? संध्याकाळी एकेका कळीतील पुंकेसर बोटांनी काढावयाचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिला लावावयाचे. देशभरच्या सीड प्लॉटवर हे काम मुख्यतः बायांनी आणि पोरींनी केले. संशोधन प्रयोगशाळेत होते असे आपण म्हणतो. ते त्या बोटांतही होते.

२००२ साली बीटी कापूस आला तो परदेशी कंपनीच्या भागीदारीतून. सुरुवातीला पाकीट सुमारे सोळाशे रुपयांना होते. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेल्यानंतर ती किंमत उतरली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. भातकुली तर खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात भूजल खारे, विहीर असून ओलीत नाही. अशा कोरडवाहू जमिनीसाठी विद्यापीठाने एकेए-७, एकेए-८ यांसारखी देशी वाणे काढली होती. पण सरळ वाणाचे बी शेतकरी घरीच राखू शकतो, दरवर्षी विकत घेत नाही. म्हणून व्यापाराला त्यात रस नाही. जे गरिबाच्या उपयोगाचे, ते कपाटात राहिले.

सहकार्य निराळेही होऊ शकते. याच विद्यापीठाने लहान डाळ गिरणी तयार केली. आराखडा विद्यापीठाचा, बनविणारे कारखानदार स्थानिक, चालविणारे खेड्यातले तरुण आणि बायांचे बचत गट. तूर कच्ची विकून डाळ महाग घेण्याचे चक्र तिने निदान काही गावांत मोडले. यंत्र लहान आहे, म्हणूनच ते भूमिहीनाच्या हाती येऊ शकले.

यातून आपण तीन मागण्या केल्या पाहिजेत. विद्यापीठांच्या या मंडळांवर शेतमजुरांचा, विशेषतः वेचणी-निंदणीच्या बायांचा प्रतिनिधी असावा. उद्योगांशी होणारा प्रत्येक करार मराठीतून प्रसिद्ध व्हावा आणि त्याने कोणाचे काम वाढेल, कोणाचे जाईल, कोणाच्या अंगावर विष उडेल, हे त्यात आधी लिहिलेले असावे. संशोधनाच्या हक्कशुल्काचा ठरावीक वाटा भूमिहीनांच्या मुलांच्या तंत्रशिक्षणासाठी राखावा. वस्त्रोद्योग पार्कमध्ये आमच्या पोरांना पहारेकऱ्याची नोकरी मिळेल, एवढ्यावर समाधान मानण्याचे कारण नाही.

ही दया नव्हे, देणे आहे. मेजाजवळची तिसरी खुर्ची कोणी आणून देणार नाही. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ती संघटितपणे मांडली पाहिजे.