टस्कीगीच्या तालमीत

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे अमेरिकेतल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचं नाव तुम्हाला परकं नाही. आज त्याच आवारात शिरा. साल साधारण १९१३. अलाबामाचं ऊन, विद्यार्थ्यांनीच भाजलेल्या विटांच्या इमारती. संस्थेचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन अजून हयात आहेत, कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर आपल्या प्रयोगशाळेत आहेत. आणि ॲनिस्टन गावाहून घर सोडून पळालेला एक पोरगा इथे येऊन दाखल झालाय. वय जेमतेम तेरा, नाव विल्यम लेव्ही डॉसन. त्याला संगीत शिकायचंय, पण फीला पैसे नाहीत. म्हणून तो इथल्या शेतावर राबतो, संगीत विभागाच्या स्वरलिपीच्या वह्या सांभाळतो आणि बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. १९२१ साली तो इथून पदवी घेऊन बाहेर पडतो.

आता १९२५, कॅन्सस सिटी. हॉर्नर इन्स्टिट्यूटचा पदवीदान समारंभ चाललाय. तुम्ही वरच्या बाल्कनीत बसला आहात, कारण काळ्या माणसांची जागा तिथेच आहे. खाली वाजतंय ते संगीत तुमच्या शेजारच्या तरुणाने रचलेलं आहे. रचना संपते, टाळ्यांचा कडकडाट होतो. पण रचनाकाराला मंचावर जायची मुभा नाही. गोऱ्या सहाध्यायांच्या रांगेत त्याला खुर्चीच नाही. त्याच्याकडे नीट पाहा. हाच माणूस पुढे शिकागोत आणखी शिकेल, तिथल्या सिव्हिक ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवेल आणि तिशी ओलांडताना टस्कीगीला शिक्षक म्हणून परत येईल.

प्राध्यापक डॉसन यांची खरी ओळख तालमीतच होते, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबा. १९४०नंतरची एखादी संध्याकाळ. समोर उभी असलेली मुलं दिवसभर आपापल्या विभागांत होती. कुणी शेतकी शिकतंय, कुणी नर्सिंग, कुणी शिक्षिका होणार आहे. हातात आहे ती प्राध्यापकांनी बांधलेली ‘इझिकेल सॉ द व्हील’ ही रचना. मूळ गाणं गुलामगिरीत पिचलेल्या पूर्वजांचं, तोंडी चालत आलेलं. बायबलातल्या संदेष्ट्याला आकाशात दिसलेल्या चाकाचं हे गाणं. साथीला एकही वाद्य नाही. जे काही उभं करायचं ते गळ्यांनीच.

कान द्या. एक गट मूळ चाल धरतो. दुसरा निव्वळ अक्षरांचा ठेका धरतो, अर्थ नसलेली पण घुमणारी अक्षरं. मग त्या ठेक्यावर आणखी आवाज चढतात आणि बघता बघता तुमच्या कानात चाक फिरू लागतं. आता बेस गायकांच्या ओळीजवळ सरका. खालचा सूर केसभर जरी उतरला, तरी वरचे तीनही आवाज डळमळतात. म्हणून प्रत्येकाला आपल्या सुराइतकाच शेजाऱ्याचा सूरही ऐकावा लागतो. श्वास कुठे घ्यायचा, व्यंजन किती करकरीत उमटवायचं, ‘हळू’ म्हणजे नेमकं किती हळू, हे सगळं इथे शिस्तीत बसवावं लागतं. आजोबा-पणजोबांनी कापसाच्या शेतात गायलेलं गाणं कुठल्याही थोर युरोपीय रचनेइतक्याच निगुतीनं गायचं, हाच त्या शिक्षणाचा गाभा.

ती निगुती किती दूर पोचली, हे पाहायला दहा वर्षं मागे चला. २७ डिसेंबर १९३२, न्यूयॉर्क. रेडिओ सिटी म्युझिक हॉलची उद्घाटनाची रात्र. सुमारे सहा हजार माणसं मावणारं प्रेक्षागृह आणि मंचावर टस्कीगीची शंभरेक मुलं. मंदीचा काळ आहे. शिकता शिकता पोटासाठी राबणाऱ्या या मुलांना देशातल्या सर्वांत झगमगत्या मंचाचं आमंत्रण आलंय.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९३४मध्ये, तुम्ही न्यूयॉर्कच्याच कार्नेगी हॉलमध्ये आहात. कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राकडून डॉसन यांची ‘निग्रो फोक सिंफनी’ वाजवून घेत आहेत. दुसरा भाग गाँगच्या तीन टोल्यांनी उघडतो. मग तंतुवाद्यांच्या एकसुरी, पायपीट केल्यासारख्या ठेक्यावर कोर आंग्ले या सुषिर वाद्याची एकाकी धून येते. तो भाग संपताच टाळ्या पडतात. भागांच्या मधे टाळ्या न वाजवण्याचा रिवाज लोक इथे विसरले आहेत.

एक मुक्काम १९४६चा, वॉशिंग्टनचा कॉन्स्टिट्यूशन हॉल. १९३९ साली याच सभागृहाने मॅरियन अँडरसन या थोर गायिकेला तिच्या वर्णामुळे दार बंद केलं आणि तिला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गावं लागलं. आज त्या सभागृहात टस्कीगीचं वृंद गातंय. कॅन्सस सिटीच्या बाल्कनीत बसवलेला माणूस त्यांच्यासमोर हात उंचावून उभा आहे.

१९५५ साली डॉसन टस्कीगी सोडतात. पुढच्याच वर्षी ते स्पेनमधल्या वृंदांना ही गाणी शिकवायला जातात. १९९० साली, नव्वदीत, त्यांचं निधन झालं. त्यांची सिंफनी बरीच वर्षं दुर्लक्षित राहिली आणि अलीकडे पुन्हा वाजू लागली आहे. वृंदासाठी बांधलेल्या गाण्यांना मात्र खंड पडलाच नाही. जगभरच्या कॉलेजांतले क्वायर ती गात आले आहेत. मला वाटतं, याचं कारण त्या तालमीत आहे. रोज समोर उभ्या असलेल्या पोरांच्या गळ्यांतून या रचना बांधल्या आणि घासल्या गेल्या. विद्यार्थ्याला काय झेपतं आणि थोडं ताणलं तर काय झेपेल, हे चांगल्या शिक्षकालाच कळतं.

मुंबई, पुणे, गोवा इथेही चार आवाजांत गाणारे क्वायर आहेत. तुम्ही त्यांपैकी एकात असाल, तर डॉसन यांची एखादी रचना जरूर बसवा. घाई करू नका. बेसची ओळ आधी पक्की करा, मग बाकीचे आवाज एकेक करून चढवा.