फर्नांडिस आणि बारदेसकर

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजरा, गडहिंग्लज आणि चंदगड या तालुक्यांत, फर्नांडिस, डिसोझा, लोबो ही आडनावे कित्येक पिढ्या नांदत आहेत. ही माणसे अस्सल घाटावरची मराठी बोलतात, तरी पहिल्या भेटीत एक प्रश्न त्यांना हटकून ऐकावा लागतो : "तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?" आंतरजालावर आडनावांची व्युत्पत्ती सांगणारी स्थळेही हाच ग्रह पक्का करतात. आडनाव पोर्तुगालचे, म्हणून घराणेही तिथलेच!

आडनावापुरते ते खरेही आहे. 'फर्नांडिस' म्हणजे फर्नांदोचा पुत्र. पोर्तुगीजांत शेवटी 'स' लिहितात, स्पॅनिशांत 'झेड'. प्रत्यय मात्र एकच, अपत्यदर्शक. फर्नांदो हे नाव पाचव्या शतकात इबेरियात उतरलेल्या व्हिसिगॉथ टोळ्यांच्या जर्मानिक भाषेतले, आणि त्याच्या एका घटकाचा अर्थ 'शूर' असा होतो. रॉड्रिग्ज हा तसाच रोद्रिगोचा मुलगा. डिसोझा मात्र उत्तर पोर्तुगालमधल्या सोझा नदीवरून आलेले. परैरा म्हणजे नासपतीचे झाड, आणि लोबो म्हणजे चक्क लांडगा. (आपल्याकडेही लांडगे आहेतच.)

पण आजऱ्याच्या फर्नांडिसांचा मूळपुरुष कोणी फर्नांदो असण्याचे कारण नाही. बारदेस आणि साष्टी हे प्रांत 1543 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. बारदेसात फ्रान्सिस्कन पंथीयांनी धर्मांतराचे कार्य चालवले. बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्ती माणसाला संताचे नाव मिळे आणि आडनाव मिळे ते धर्मपित्याचे, पाद्र्याचे किंवा एखाद्या पोर्तुगीज अंमलदाराचे. सामूहिक बाप्तिस्म्यात एकच आडनाव अनेक असंबद्ध कुटुंबांना लाभे, तर सख्ख्या भाऊबंदांना वेगवेगळी. मंगळूरच्या कॅथलिकांत आजही काही घराण्यांना आपण पूर्वीचे प्रभू, कामत वा शेणॉय हे ठाऊक आहे. पुष्कळांच्या बाबतीत तो धागा तुटला.

म्हणूनच अशा आडनावांच्या शिरगणतीतून फार काही हाती लागत नाही. स्पेनमध्ये फर्नांडेझ पहिल्या दहा आडनावांत मोडते, गोव्यातही फर्नांडिस उदंड आहेत. पण या दोन समूहांना जोडणारा दुवा रक्ताचा नसून बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा आहे. दोन देशपांडे भेटले की आपण प्रथम गोत्र, मग गाव विचारतो. दोन फर्नांडिसांनी गावापासूनच सुरुवात करावी, हे बरे.

आणि गाव सांगणारे आडनाव याच तालुक्यांत आहे : बारदेसकर. हे ख्रिस्ती लोक बारदेसातून घाट चढून आले. धर्मन्यायसभा (1560 ते 1812, मध्ये थोडा खंड), 1739 ची मराठ्यांची स्वारी, करांचा बोजा, अशी गोवा सोडण्याची कारणे त्या काळात एकापाठोपाठ एक घडत होती. आंबोली आणि रामघाट या वाटा थेट आजरा-चंदगडकडे येत. धर्म त्यांनी सोडला नाही. 2005 मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूर जिल्हाही येतो, तो काही उगाच नव्हे.

आता या 'कर'कडे पाहावे. बारदेसात राहणाऱ्याला शेजारी बारदेसकर कशाला म्हणतील? असे नाव माणूस परगावी गेल्यावर चिकटते. कोल्हापूरकरही पुण्याला गेल्यावरच कोल्हापूरकर होतो. तेव्हा हे आडनाव पाद्र्याने दिलेले नाही. ते घाटावरच्या मराठी शेजाऱ्यांनी दिले, किंवा त्यांच्यात राहताना स्वतः घेतले, असेच मानावे लागते. माझ्या मते कोणत्याही पोर्तुगीज नोंदीपेक्षा हा दाखला अधिक बोलका आहे, कारण त्यात निघाल्याची जागाही आहे आणि पोचल्याची भाषाही.

या घरांतली नावे लिहिण्याची रीतही इकडचीच : आधी संताचे नाव, मध्ये वडिलांचे, शेवटी बारदेसकर किंवा फर्नांडिस. इबेरियात 'फर्नांदोचा पुत्र' हे सांगण्याचे जे काम तो प्रत्यय एके काळी करत होता, ते इथे मधले नाव करते.