सावलीतली गाठ, उजेडातली गाठ

महागाव तालुक्यातल्या कपाशीच्या पट्ट्यात कुणाला कर्करोगाच्या गाठीची शंका आली, की यवतमाळ-नागपूर करत वाट पुष्कळदा मुंबईला परळपर्यंत जाते. मुक्कामाला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा.

परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तेव्हा गाठीची ओळख पटवायची तर तिचा तुकडा काढायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तिथली प्रयोगशाळा उभी केली ती याच कामावर. पुढे कमल रणदिवे यांनी पेशी काचेत जिवंत वाढवून दाखवल्या. जित्या माणसाच्या पोटातली गाठ मात्र अशी नजरेला पडत नव्हती.

१९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळलाच आलं. अशा केंद्रांत यकृताच्या स्कॅनची युक्ती मोठी गमतीची होती. किरणोत्सारी टेक्नेशियम चिकटवलेले गंधकाचे बारीक कण शिरेत सोडायचे. यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेचे तिथले पहारेकरी, काही मिनिटांत ते गिळून टाकतात. यकृत फिल्मवर उजळतं; गाठीत बहुधा या पेशी नसतात, म्हणून तेवढी जागा काळी राहते. चित्र काढायच्या प्रतिकारपेशी, गाठ नुसती सावली! पेशी परके कण गिळतात हे शास्त्रज्ञ मेचनिकॉफनं १८८२ च्या सुमारास तारामाशाच्या अळीत पाहिलं होतं, त्याचाच हा दवाखान्यातला उपयोग.

गाठीनं स्वतःच चमकावं, यासाठी धडपड नंतरची. क्वांटम डॉट्स, म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारे अतिसूक्ष्म कण, १९९८ मध्ये पेशींना खुणा करायला वापरले गेले. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या डॉट्सच्या शोधालाच मिळालं. चकाकी अप्रतिम, पण कित्येकांत कॅडमियम. विषारी धातू माणसाच्या अंगात कोण घालणार? शिवाय यकृतातले तेच पहारेकरी हे कणही गिळून बसत.

तोडगा कॉर्नेल विद्यापीठात निघाला: सिलिकाच्या कवचात बंदिस्त केलेला रंग. हे कण जेमतेम ६-७ नॅनोमीटरचे, त्यामुळे मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे निघून जातात. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं माणसावर चाचणीला परवानगी दिली. रंगही असा निवडला, की त्याचा उजेड लाल रंगापलीकडचा; तिथे रक्त कमी प्रकाश शोषतं. गाठ शोधताना कण गिळले जाणं ही अडचण; उलट प्रतिकारपेशींचाच माग काढायचा असेल, तर त्यांनी कण गिळलेले संशोधकांना हवेच असतात.

तरी या रंगाचा उजेड मांसातून फार तर सेंटिमीटरभर नीट वर येतो. म्हणून तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर, उघड्या जखमेत सर्जनला गाठीची कड दाखवायला कामाचा. खोल यकृतातली गाठ बाहेरून पाहायला तो पुरत नाही.